डाऊनस्विंग स्टीप आहे म्हणून बॉल उजवीकडे वळतो? आधी फेस बघा, मग शाफ्ट

गोल्फचा प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ४८, उजव्या हाताने खेळणारे, हँडिकॅप १६ (म्हणजे मध्यम दर्जाचा खेळ), आयटीत नोकरी, लहानपणापासून क्रिकेट. सात नंबरच्या आयर्नचा (लोखंडी क्लबचा) बॉल सरळ निघून शेवटी उजवीकडे पडायचा आणि ड्रायव्हरचा (सगळ्यात लांब मारायच्या क्लबचा) तर फेअरवे, म्हणजे कापलेल्या गवताचा मधला पट्टा, सोडून झाडीत जातो. कोणीतरी मोबाइलवर स्विंग काढून सांगितलं, "तुमचा डाऊनस्विंग फार स्टीप आहे, शॅलो करा." म्हणजे खाली येताना क्लबची दांडी (शाफ्ट) फार उभी येते, ती आडवी आणा. गेले काही आठवडे व्हिडिओ बघून शाफ्ट मागे आडवा पाडायचा प्रयत्न चालू आहे. आता फेड (बॉलचं उजवीकडे वळणं) तर गेलेला नाहीच, उलट बॉल सुरुवातीपासूनच उजवीकडे निघतो, वर शँक (बॉल क्लबच्या मानेला लागणं) आणि फॅट शॉट (बॉलच्या आधी जमीन लागणं) सुरू झालेत. पुढे काय करायचं, आणि ड्रायव्हर बदलायचा का?

शाफ्ट आडवा पाडायचा प्रयत्न आजपासून थांबवा. आधी क्लबचा फेस (बॉलला लागणारी सपाट बाजू) वेळेत स्क्वेअर, म्हणजे टार्गेटकडे सरळ, करायला शिका. माझ्याकडे या तक्रारीने येणाऱ्या बहुतेकांच्या बाबतीत स्टीप डाऊनस्विंग ही मूळ चूक नसते, शरीराने स्वतःच शोधून काढलेली तडजोड असते. फेस उघडा, म्हणजे उजवीकडे बघणारा, येतोय हे हातांना कळतं. तसाच मारला तर बॉल थेट उजवीकडे जाणार, म्हणून खांदे लवकर उघडतात, हात बाहेरून येतात आणि क्लब डावीकडे ओढला जातो. बॉल निदान कोर्सवर राहतो. आता फेस उघडाच ठेवून फक्त ही ओढ काढून घेतलीत, तर बॉल उजवीकडे फेकला जाणार. त्यात शाफ्ट आडवा आणि फेस उघडा असला की क्लबचं नरडं, म्हणजे होझल, सगळ्यात पुढे येतं. तुमचे शँक तिथूनच येतायत.

(पुढचं सगळं उजव्या हाताने खेळणाऱ्यांसाठी आहे. डावखुऱ्यांनी उलट धरावं.)

रेंजवर (सरावाच्या मैदानावर) गेल्यावर पहिले दहा-बारा बॉल स्विंगचा काहीही विचार न करता मारा आणि एकच गोष्ट बघा: बॉल सुटताना कुठल्या दिशेला सुटतो. कुठे पडतो ते नंतर. पूर्वी शिकवायचे की क्लबचा पाथ (क्लब ज्या दिशेने फिरतो ती दिशा) बॉलची सुरुवातीची दिशा ठरवतो आणि फेस वळण ठरवतो. लाँच मॉनिटर (बॉल आणि क्लबची हालचाल मोजणारं यंत्र) आल्यावर हे उलटं निघालं. सुरुवातीची दिशा मुख्यतः फेसच ठरवतो, ड्रायव्हरला साधारण ८५ टक्के आणि आयर्नला साधारण ७५ टक्के. फेस आणि पाथ यांच्यात जो फरक राहतो त्यातून वळण येतं. पाथ फेसच्या डावीकडे असेल तर बॉल उजवीकडे वळणार.

म्हणून फेड दिसला की लगेच स्टीप म्हणू नका. बॉल टार्गेटच्या डावीकडून निघून उजवीकडे परत येत असेल तर पाथ नक्की डावीकडे आहे आणि फेस त्याच्याइतका डावीकडे नाही. सरळ निघून उजवीकडे वळत असेल, जसा आधी तुमचा सात नंबर वळायचा, तर फेस टार्गेटकडे जवळजवळ स्क्वेअर आहे आणि पाथ डावीकडे. पण बॉल उजवीकडेच सुटून आणखी उजवीकडे वळत असेल तर दोष फेसचा आहे, पाथ कदाचित ठीकठाकही असेल. अशा माणसाला "शॅलो करा" सांगणं म्हणजे त्याचा खेळ आणखी बिघडवणं. तुम्ही लिहिलंय की अलीकडे बॉल सुरुवातीपासूनच उजवीकडे निघतो. म्हणजे गेल्या काही आठवड्यांत तुम्ही दुसऱ्या गटातून तिसऱ्या गटात आलात. पाथ थोडा सुधारला, फेस पाथच्या तुलनेत जितका उघडा होता तितकाच राहिला.

ड्रायव्हर सात नंबरपेक्षा इतका जास्त का वळतो, याचंही कारण आहे आणि ते माहीत असलं की घाबरायला होत नाही. फेस आणि पाथमधला फरक तोच असला तरी लॉफ्ट (फेसचा मागे कललेला कोन) कमी असेल तर स्पिनचा अक्ष जास्त कलतो. सात नंबरला चार अंशांच्या फरकाने जेवढा अक्ष कलेल, त्याच्या जवळपास दुप्पट तो ड्रायव्हरला कलतो. शिवाय आयर्नला आपण खाली जाताना मारतो, त्यामुळे पाथ थोडा उजवीकडे सरकतो. ड्रायव्हरचा बॉल पुढे असतो, क्लब तळाच्या बिंदूपुढे जाऊन वर येऊ लागलेला असतो आणि तोवर पाथ डावीकडे वळलेला असतो. एकच स्विंग सात नंबरला सुसह्य वाटतो आणि ड्रायव्हरला उघडा पडतो. तुमचे दोन वेगळे आजार नाहीत.

त्याच वेळी आणखी एक तपासणी करून घ्या. व्हाइटबोर्डच्या मार्करने बॉलच्या मागच्या बाजूला मोठा ठिपका काढा आणि मारल्यावर ड्रायव्हरच्या फेसवर डाग कुठे उमटतो ते बघा. डाग हीलकडे (डोक्याच्या शाफ्टकडच्या टोकाला) असेल तर गिअर इफेक्टमुळे बॉलवर उजवीकडे वळणारा स्पिन आपोआप चढतो, मग स्विंग कितीही चांगला असो. बाहेरून आत येणाऱ्या स्विंगमध्ये हात शरीरापासून लांब जातात आणि हीललाच बॉल लागण्याची शक्यता जास्त, त्यामुळे दोन्ही दोष एकमेकांत मिसळलेले असतात.

आता व्हिडिओ. मोबाइल कुठे ठेवता त्यावर स्विंग स्टीप दिसणार की नाही हे ठरतं, आणि रेंजवर शेजारच्याने हातात धरून काढलेल्या व्हिडिओवरून लोक निदान करतात याचं मला वाईट वाटतं. मोबाइल तुमच्या मागे, टार्गेटच्या विरुद्ध बाजूला, टार्गेटच्या रेषेला समांतर, बॉलसमोर मारायला उभं असताना हात जिथे असतात त्या उंचीला आणि त्याच रेषेत ठेवा. स्लो मोशन लावा. डाऊनस्विंगमध्ये डावा हात जमिनीला समांतर होतो त्या क्षणी चित्र थांबवा आणि ग्रिपच्या टोकातून निघणारी रेषा मनातल्या मनात जमिनीपर्यंत न्या. ती बॉलच्या रेषेवर टेकत असेल तर क्लब प्लेनवर, म्हणजे योग्य उतारावर, आहे. तुमच्या पायांच्या जवळ टेकत असेल तर खरंच स्टीप आहे. बॉलच्या पलीकडे जात असेल तर तो आधीच शॅलो आहे, आणखी आडवा करू नका.

बॅकस्विंग उभा आहे म्हणून मात्र काळजी करू नका. अमेरिकन व्यावसायिक जिम फ्युरिक क्लब जवळजवळ सरळ आभाळाकडे उचलायचा आणि खाली येताना आत टाकायचा. त्याच स्विंगने त्याने २००३ ची यूएस ओपन जिंकली. बघायचं ते खाली येताना.

तर फेसपासून सुरुवात. डावा हात आधी बघा. क्लब तळव्यात आडवा न पडता बोटांच्या मुळाशी बसायला हवा, आणि तळव्याची करंगळीकडची गादी ग्रिपच्या वर यायला हवी. बॉलसमोर मारायला उभं राहून खाली बघितलं की डाव्या हाताचे दोन ते अडीच नकल्स (बोटांच्या मुळाशी असलेले उंचवटे) दिसायला हवेत. अंगठा आणि तर्जनीमधला व्ही उजव्या खांद्याकडे बघायला हवा. तुम्हाला एकच नकल दिसत असेल, आणि मला तशी शंका आहे, तर अर्धं कारण इथेच सापडलं. जुन्या काळातला दिग्गज बेन होगन, त्याचे फोटो बघून कमकुवत डावी ग्रिप धरणारे आजही भेटतात. होगन तरुणपणी हुकने (जोरात डावीकडे वळणाऱ्या बॉलने) त्रासलेला होता, त्याच्यावर उपाय म्हणून त्याने ती ग्रिप घेतली, आणि त्या फेडवर १९५३ साली मास्टर्स, यूएस ओपन आणि ब्रिटिश ओपन अशा तीन मेजर (सर्वांत मोठ्या स्पर्धा) जिंकल्या. हुकच्या माणसाचा उपाय स्लाइसच्या, म्हणजे जोरात उजवीकडे वळणाऱ्या बॉलच्या, माणसाने घेतला तर काय होणार? ग्रिप बदलल्यावर पंधरा दिवस क्लब परका वाटेल. घरी टीव्ही बघताना हातात क्लब धरून बसा, हातांना सवय होते.

दुसरी गोष्ट डावं मनगट. बॅकस्विंगच्या टॉपला मनगट हाताच्या पाठीच्या बाजूला वाकलेलं असेल, म्हणजे तिथे खोलगट बाक दिसत असेल, तर फेस उघडतो. टॉपपासून खाली यायला सुरुवात होतानाच डाव्या हाताचे नकल्स जमिनीकडे वळवायला लागा. मनगट सपाट होईल, कदाचित किंचित उलट बाजूला, तळव्याकडे वाकेल. हे बॉलजवळ आल्यावर नाही करायचं. तोवर उशीर झालेला असतो आणि मग हात पलटून फेस बंद करायची घाई होते, एक बॉल उजवीकडे, एक डावीकडे.

क्रिकेट खेळलेल्यांना हे अवघड जातं आणि त्याचं कारण मला रोज दिसतं. सरळ बॅटने ड्राइव्ह मारताना बॅट उभ्या रेषेत खाली येते, पुढचा कोपर उंच राहतो आणि बॅटचा फेस जास्तीत जास्त वेळ बॉलकडे धरून ठेवायचा असतो. वीस वर्षं ते घोटलेलं असतं. गोल्फमध्ये तोच कोपर इम्पॅक्टला (बॉल लागताना) बाहेर फुटतो, दंड फिरत नाही आणि फेस उघडा राहतो. मुंबई-पुण्याच्या मैदानांवर वाढलेल्या कितीतरी चांगल्या खेळाडूंचा फेड थेट त्या शाळकरी कोचिंगमधून आलेला असतो. म्हणून तुम्हाला मी सांगेन की डावा कोपर इम्पॅक्टनंतर जमिनीकडे बघतोय का, हे वेगळं तपासा.

सराव असा करा. नऊ नंबर घ्या, पाय जरा जवळ, कमरेपासून कमरेपर्यंतचा अर्धा स्विंग. खाली येताना शाफ्ट जमिनीला समांतर झाला की थांबा आणि फेस बघा. त्याची खालची कड तुमच्या पाठीच्या कण्याएवढीच पुढे कललेली असली तर बरोबर. टो (डोक्याचं शाफ्टपासून लांबचं टोक) आभाळाकडे असला तरी चालेल. फेस आभाळाकडे बघत असेल तर उघडा. थांबून बघा, परत जा, आणि मग मारा. वेग निम्म्यापेक्षा कमी. ध्येय एकच, बॉल डावीकडे जायला हवा. सरळ नको, डावीकडे. लोक इथेच घाबरतात आणि सोडून देतात, पण बॉल डावीकडे जायला लागणं हीच आपल्याला हवी असलेली खूण आहे. कारण बॉल डावीकडे जातोय हे शरीराला कळलं की डावीकडे ओढण्याची गरजच संपते. दोन-तीन सत्रांत खांदे आपोआप थोडे उशिरा उघडायला लागतात, आणि व्हिडिओत बघाल तर शाफ्ट आधीपेक्षा आडवा आलेला असतो. त्याच्याबद्दल तुम्ही काहीही केलेलं नसताना.

उभं राहणंही बघून घ्या. फेड पडतो म्हणून माणूस हळूहळू डावीकडे निशाणा धरायला लागतो. पाय सरळ असतात पण खांदे डावीकडे उघडलेले, आणि पाथ खांद्यांच्या दिशेनेच जातो. जमिनीवर एक काठी पायांच्या रेषेत ठेवा, दुसरी छातीवर आडवी धरून दोन्ही समांतर आहेत का बघा. बॉल फार पुढे ठेवला तरी खांदे उघडतात. सात नंबरला मधोमध किंवा त्याच्यापुढे एका बॉलएवढं, ड्रायव्हरला डाव्या टाचेच्या आत. एवढं पुरे.

फेस ताब्यात आल्यावरच, म्हणजे नऊ नंबरने ठरवून डावीकडे मारता यायला लागल्यावर, पाथला हात घाला. टॉपवरून खाली येताना हातांच्या आधी वजन डाव्या पायावर जायला हवं आणि पाठ टार्गेटकडे अजून क्षणभर राहायला हवी. उजवा कोपर उजव्या कमरेच्या पुढे, बरगड्यांच्या जवळून यावा, आणि उजवा तळवा थोडा आभाळाकडे. यासाठी उजवा पाय फूटभर मागे घेऊन, टाच उचलून अर्धे शॉट मारा. खांदे लवकर उघडायला जागाच राहत नाही. किंवा बॉलच्या मागे वीतभर आणि रेषेच्या बाहेर क्लबच्या डोक्याएवढं अंतर सोडून हेडकव्हर ठेवा. बाहेरून आलात की ते उडेल. कडक वस्तू ठेवू नका, शाफ्ट आणि मनगट दोन्हींना इजा होते.

माझा सगळ्यात आवडता उपाय मात्र उताराचा आहे. बॉल पायांपेक्षा वर असेल अशा जागी उभे राहा आणि सात नंबरने हळू मारा. उतार तुम्हाला उभं मारूच देत नाही. क्लब गोल फिरवावा लागतो, नाहीतर जमीन आधी लागते. पुण्याजवळच्या ऑक्सफर्डसारख्या डोंगरउतारावरच्या कोर्सवर खेळत असाल तर अशा जागा पावलोपावली आहेत. सरावाची फेरी असेल आणि मागे कोणी थांबलेलं नसेल तेव्हा दोन-चार बॉल टाकून बघा. तिथला स्पर्श लक्षात ठेवून लगेच सपाट जागेवर मारा.

आता तुमचे फॅट शॉट. स्विंगमध्ये काही हालचाली क्लबला उभं करतात, काही आडवं. हात खाली ओढणं, छाती लवकर उघडणं, पुढे झुकणं यांनी क्लब उभा होतो. उजवीकडे मागे कलणं आणि कंबर बॉलकडे ढकलून उभं राहणं यांनी तो आडवा होतो. तुमचे हात क्लब उभा आणत होते, म्हणून बॉलपर्यंत पोचायला तुम्ही शेवटच्या क्षणी कंबर पुढे ढकलून उठत होता. दोन्ही मिळून बॉल कसाबसा नीट लागत होता. आता हातांनी क्लब आडवा केलात आणि उठणं तसंच राहिलं. आडव्यावर आडवं झालं, तळाचा बिंदू बॉलच्या मागे गेला. त्यामुळे क्लब जसजसा शॅलो होईल तसतसं शरीराने वळत राहणं शिकावं लागेल. पाठीमागे खुर्ची ठेवा, बॉल मारायला उभं राहताना कुल्ले तिला टेकलेले असू द्या. डाऊनस्विंगमध्ये डावा कुल्ला खुर्चीला घासून मागे जायला हवा. खुर्ची सुटली तर तुम्ही उठलात. बॉलशिवाय, रिकाम्या हातांनी, घरी करा. उजवी छाती टार्गेटकडे पोचेपर्यंत थांबू नका.

रेंजवरच्या मॅटवर (कृत्रिम गवतावर) मारून तुमचा स्विंग सुधारला की बिघडला हे कळत नाही. स्टीप क्लब मॅटवर बॉलच्या मागे आपटतो, घसरतो आणि बॉल बरा जातो. पावसाळ्यात आपल्या कोर्सवर जमीन मऊ झाली की तोच क्लब रुतून बसतो, आणि उन्हाळ्यात जमीन वाळून कडक झाल्यावर उसळतो. शिवाय रोज मॅटवर आपटून कोपर धरतो, पन्नाशीकडे झुकलेल्या माणसाने ते ओढवून घेऊ नये. मॅटच असेल तर बॉलच्या मागे वीतभर अंतरावर घडी केलेला पंचा ठेवा आणि त्याला न लागता मारा. गवतावर मिळालं तर डिव्हॉट (क्लबने उखडलेला खड्डा) वाचा. खोल आणि डावीकडे बघणारा डिव्हॉट म्हणजे अजून ओढ आहे. उथळ, बॉलच्या पुढे सुरू होणारा आणि टार्गेटच्या रेषेत असला की काम होतंय. फक्त टोच्या बाजूला खोल खणत असेल तर क्लबचा लाय (शाफ्ट आणि जमिनीतला कोन) कमी असण्याची शक्यता आहे. जुना सेट घेतलेला असेल तर एकदा तपासून घ्या, अशा लायने बॉल उजवीकडेच निघतो.

दिवसभर खुर्चीत बसणाऱ्यांच्या बाबतीत शरीराची मर्यादाही खरी असते. उजवा दंड खांद्याच्या उंचीला बाजूला धरा, कोपर काटकोनात, आणि हाताचा पंजा मागे न्यायचा प्रयत्न करा. पंजा सरळ वर येऊन तिथेच अडकत असेल, मागे अजिबात जात नसेल, तर तरुण खेळाडूंसारखा क्लब आडवा पडणं तुमच्या खांद्याला शक्यच नाही. हट्ट करू नका, खांदा दुखेल. उजवा पाय थोडा बाहेर वळवा, बॅकस्विंगला डावी टाच उचलू द्या आणि पाठ जास्त वळवून घ्या. दिग्गज जॅक निकलस डावी टाच उचलायचा आणि उंच फेड मारायचा. १८ मेजर त्याने तशाच जिंकल्या. तुमचं ध्येयही ड्रॉ (डावीकडे वळणारा बॉल) मारणं असू नये. पाच-सात यार्डांचा भरवशाचा फेड राहिला तर तो ठेवा. घालवायचा आहे तो झाडीत जाणारा.

या काळात कोर्सवर खेळताना वरचं काहीही आठवू नका. रविवारी जो फेड पडतोय तो धरून निशाणा लावा, टीवर ड्रायव्हरऐवजी थ्री वूड किंवा हायब्रिड घ्या. बदल फक्त रेंजवर, अर्ध्या वेगात, आणि प्रत्येक बॉलच्या मध्ये सरावाचे दोन स्विंग. शंभर बॉलची बादली तासाभरात संपवणाऱ्याचा स्विंग बदलत नाही. चाळीस बॉल, तेवढ्याच वेळात.

ड्रायव्हरचा प्रश्न राहिला. आत्ता नवीन घेऊ नका. वजन हीलकडे असलेला ड्रॉ-बायस ड्रायव्हर थोडी मदत करतो, पण फेस पाच अंश उघडा असेल तर ती पुरत नाही. २३० यार्डांवर फेसचा एक अंश म्हणजे नुसत्या दिशेतच चार यार्डांचा फरक, वळण वेगळं. तुमच्या आताच्या ड्रायव्हरला मानेपाशी लॉफ्ट बदलायची सोय असेल तर एक अंश वाढवून घ्या. बहुतेक क्लबमध्ये लॉफ्ट वाढवला की फेस किंचित बंदही होतो आणि वळण कमी होतं. त्यावर दोन महिने खेळा, डाग फेसच्या मध्यावर यायला लागू द्या, आणि मग फिटिंगला (तुमच्या स्विंगच्या मापाने क्लब निवडायला) जा. त्या आधी फिटिंगला गेलात तर मोजमाप तुमच्या जुन्या स्विंगचं होईल.